डोंगरी शर्यतीसाठी चढ-उताराचा सराव : नोंदणी केलेल्या धावपटूंसाठी माहितीपत्रक

आमच्या १६ आठवड्यांच्या सरावासाठी नाव नोंदवणारे बहुतेक जण पहिल्याच भेटीत विचारतात, की सिंहगड किती मिनिटांत चढून झाला पाहिजे. चढाईची वेळ आम्ही वहीत लिहून ठेवतो खरी, परंतु आपली तयारी आम्ही जोखतो ती दोन दिवसांनी सकाळी आपण घरचा जिना कसा उतरता यावरून. असे का, हे सराव सुरू होण्यापूर्वी आपल्याला नीट कळावे यासाठी हे पत्रक आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर सिंहगड, राजगड आणि तोरणा यांना जोडणारी ५३ किलोमीटरची शर्यत आहे. या वाटेवर सपाटीवरच्या वेगाचा हिशोब चालत नाही. सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,३१२ मीटर उंच आहे आणि आतकरवाडीहून निघणारी पायवाट तीन किलोमीटरांच्या आत सुमारे ६०० मीटर वर नेते, म्हणजे शंभर मीटर अंतर कापताना सरासरी वीस मीटर उंची चढावी लागते. एवढ्या खड्या चढावर धावण्याचा हट्ट धरणारा आणि दमदार चालणारा यांच्यात माथ्यावर फारसे अंतर पडत नाही. फरक पडतो तो पुढच्या गडाच्या पायथ्याशी. म्हणून तीव्र चढावर चालण्यात कमीपणा मानू नये. पावले आखूड ठेवावीत, कंबरेत न वाकता घोट्यापासून किंचित पुढे झुकावे, फारच खडी जागा आली तर तळहात मांड्यांवर दाबून वर यावे, आणि चढताना सतराचा पाढा मोठ्याने म्हणता येईल इतकाच वेग ठेवावा. पाढा तुटू लागला की वेग कमी करावा. (पाढाच पाठ नसेल तर बाराचाही चालेल.)

चढाबद्दल एवढे पुरे, कारण चढ आपला वेग आपोआप आवरतो. फसवतो तो उतार. उतारावर हृदयाला आणि फुप्फुसांना फारसे काम नसते, त्यामुळे आपण विश्रांती घेत आहोत असे वाटते. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक पावलाला मांडीचे पुढचे स्नायू शरीराचा भार तोलत असताना ताणले जात असतात. आखडताना काम करण्याची सवय असलेल्या स्नायूला ताणले जात असताना ब्रेकचे काम करावे लागले, की त्याच्या तंतूंना बारीक इजा होते; दुखणे मात्र लगेच जाणवत नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते सर्वांत जास्त असते. आमच्या पहिल्या तुकडीला आम्हीच दुसऱ्या आठवड्यात गडावरून जोरात पळत उतरवले होते, आणि त्यानंतर तीन दिवस निम्मी मंडळी कठड्याला धरून, आडवी होऊन जिने उतरत होती. ती चूक सर्वस्वी आमची होती.

या इजेची एक चांगली बाजूही आहे. उताराचा थोडा भार एकदा सोसलेला स्नायू पुढच्या काही आठवड्यांत तसाच भार आला तर पुष्कळच कमी दुखावतो. आमचा सगळा सराव या एका गोष्टीवर बेतलेला आहे. सुरुवातीला पुण्यातल्या वेताळ टेकडीवर छोटे उतार, मग आठवड्यातून एकदा सिंहगडाचा एक फेरा, पुढे एकाच सकाळी दोन फेरे आणि मधल्या महिन्यात कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची रांग, असा भार हळूहळू वाढवला जातो. उताराच्या दोन कठीण दिवसांमध्ये किमान ४८ तासांचे अंतर ठेवले जाते, आणि शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन ते तीन आठवडे आधीच संपवला जातो. नंतरच्या आठवड्यात हौसेने आणखी एक गड करून येणाऱ्यांना आम्ही थांबवतो, याबद्दल कृपया राग मानू नये.

उतरताना पाऊल आखूड आणि जलद पडावे, ते शरीराच्या पुढे न जाता खालीच टेकावे, आणि नजर बुटांवर नव्हे तर तीन-चार पावले पुढे असावी. पावसाळा संपून ऊन तापू लागले की मुरमाचे खडे सुटे होतात आणि वाटेवर घसारा तयार होतो. तिथे घाबरून मागे रेलले की टाच रुतते, खडे गोट्यांसारखे सरकतात आणि माणूस बसकण मारतो. त्याऐवजी पूर्ण तळवा टेकवून गुडघे सैल ठेवल्यास पाय थोडा घसरला तरी तोल राहतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर मात्र कोणत्याही बुटाचा भरवसा धरू नये, तिथे चालतच उतरावे. दर महिन्याला आम्ही आपले बूट उलटे करून पाहतो: टाचेच्या मागच्या कडेचे रबर आधी झिजलेले दिसले, तर आपण उतारावर ब्रेक मारत उतरता आहात, हे आपण सांगण्याआधीच आम्हाला कळते.

मुंबईत किंवा गडांपासून दूर राहणाऱ्यांनी इमारतीचा जिना वापरावा. वीस मजले चढून लिफ्टने खाली येण्याची पद्धत सर्रास दिसते. आपल्या कामाचा भाग नेमका त्या लिफ्टमध्ये वाया जातो. सुरुवातीला पाच मजले उतरावेत, गुडघ्याच्या सांध्यात टोचल्यासारखे दुखले तर थांबून आम्हाला कळवावे. मांडी भरून येणे वेगळे आणि सांधा दुखणे वेगळे.

खाण्यापिण्याबाबत थोडक्यात : दीड तासापेक्षा लांब सरावात चिक्की, खजूर किंवा मीठ लावलेला उकडलेला बटाटा जवळ ठेवावा, तहानेपुरते पाणी प्यावे आणि धावताना वेदनाशामक गोळी घेऊ नये, कारण घामाने शरीर कोरडे पडलेले असताना तिचा भार मूत्रपिंडांवर पडतो. गडावरचे पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही आम्हालाही प्रिय आहे, परंतु ते दुसऱ्या फेऱ्यानंतरच. वासाने आग्या मोहोळ उठण्याची भीती असल्याने अत्तर किंवा तीव्र वासाचे स्प्रे मारून वाटेवर येऊ नये, हा नियम मात्र सर्वांना सक्तीचा आहे.

पहिल्या रविवारी पहाटे ५:३० वाजता आतकरवाडीच्या पायथ्याशी बॅटरी, एक लिटर पाणी आणि किमान महिनाभर वापरलेले बूट घेऊन यावे. त्या दिवशी एकच फेरा होईल आणि उतरण्याची वेळ मोजली जाणार नाही. मंगळवारी सकाळी घरचा जिना कठड्याला हात न लावता उतरून पाहावा आणि कसे वाटले ते दोन ओळींत आम्हाला कळवावे. पुढच्या रविवारचा आपला फेरा त्या दोन ओळींवरून ठरेल.