स्पीडरनमधील वेग आणि रंजकता

व्हिडिओ गेम कमीत कमी वेळात संपवण्याच्या प्रयत्नाला स्पीडरन म्हणतात. त्याचा निकाल घड्याळ देते, पण पाहायला माणसे बसतात, आणि घड्याळाला जे मानवते ते पाहणाऱ्याला आवडेलच असे नाही. रन बघण्याजोगा व्हावा म्हणून वेळ खर्चावा का, खर्चावा तर कुठे आणि किती, हा प्रश्न या छंदाच्या सुरुवातीपासून आहे. माणसाने थेट खेळलेल्या रनमध्ये तो पडतोच. इम्युलेटरमध्ये, म्हणजे गेम संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, एकेक फ्रेम (पडद्यावरचे एक चित्र) पुढे नेत, चुकले की मागे जाऊन दुरुस्त करत रचलेल्या ‘टास’मध्ये (टूल-असिस्टेड स्पीडरन) तो जास्त ठळक होतो, कारण तिथे हात चुकला ही सबब चालत नाही. पडद्यावर दिसणारी प्रत्येक हालचाल कोणीतरी विचार करून ठेवलेली असते.

१९९७ साली ‘क्वेक डन क्विक’ या चमूने ‘क्वेक’ हा गेम सर्वांत अवघड पातळीवर १९ मिनिटे ४९ सेकंदांत पूर्ण केला. त्याची आणखी एक आवृत्ती नंतर निघाली. तिच्यात खेळ तोच होता, फक्त खेळाडूच्या डोळ्यांऐवजी बाहेरून लावलेल्या कॅमेऱ्यांतून दिसणारा. वेळेला धक्का न लावता बघण्याची मजा वाढवण्याचा हा फार जुना आणि अजूनही अनुकरणीय नमुना आहे.

टासच्या बाबतीत वळण आले ते २००३ मध्ये. मोरिमोतो या जपानी खेळाडूने ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ सुमारे ११ मिनिटांत संपवल्याची फीत इंटरनेटवर पसरली. अनेकांना ती एका दमात खेळलेली वाटली आणि खरे कळल्यावर काहीजण चिडले. पण फिनलंडच्या ‘बिस्क्विट’ या टोपणनावाच्या प्रोग्रामरना तिच्यातली कला दिसली. त्यांनी अशा फितींसाठी जे संकेतस्थळ काढले, तेच पुढे ‘टासव्हिडिओज’ झाले. मोरिमोतोच्या फितीत लोकांना काय भावले हे पाहण्यासारखे आहे. त्या गेममधल्या जहाजांच्या आणि रणगाड्यांच्या लेव्हलमध्ये पडदा आपल्या गतीने सरकतो आणि खेळाडूला घाई करता येत नाही. मोरिमोतोने तिथे नुसती वाट पाहिली नाही. तोफगोळ्यांमधून अंग चोरत, शत्रूंच्या डोक्यांवरून उड्या मारत त्याने जीव गोळा केले, अगदी ९९ पर्यंत. यासाठी त्याला वेळ मोजावा लागला नाही.

असा फुकटचा वेळ ओळखणे हे या कलेचे मर्म आहे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या पहिल्या भागात लेव्हल संपली की पुढची लगेच सुरू होत नाही, गेम दर २१ फ्रेमना एकदाच तशी तपासणी करतो. म्हणजे साधारण एक तृतीयांश सेकंदाने सुटणाऱ्या बसची कल्पना करावी, आणि धावणारे खेळाडू समजावताना हीच उपमा देतात. बस चुकली तर पुढची गाठायची, आणि बसच्या आधी पोचून काही मिळत नाही. त्यामुळे एखाद्या लेव्हलमध्ये दहा फ्रेम वाचवूनही एकूण वेळ तसूभर न बदलणे शक्य आहे, आणि त्याच दहा फ्रेममध्ये मारिओला अकारण उडी मारायला लावली तरी कोणाचे नुकसान होत नाही. शेवटच्या ८-४ या लेव्हलला मात्र ही सवलत नाही. तिथे प्रत्येक फ्रेम मोजली जाते. जाणकार प्रेक्षक हा फरक डोळ्यांनी टिपतात.

खरा पेच येतो तो वेळ पदरचा द्यावा लागतो तेव्हा. टासची लांबी शेवटच्या इनपुटपर्यंत, म्हणजे शेवटची कळ दाबेपर्यंत मोजतात. मग शेवटच्या शत्रूवर दूरवरून एक गोळी सोडून कंट्रोलर मोकळा सोडला, की आकडा कमी होतो. पण पाहणाऱ्याला पात्र काही क्षण निमूट उभे दिसते. उलट, शेवटच्या वारापर्यंत लढत राहिले तर दृश्य चांगले होते आणि आकडा वाढतो. पात्राची ताकद कमी ठेवून खेळणे वेगवान असते, पण काही गेममध्ये त्यामुळे धोक्याची घंटा सतत वाजत राहते आणि ती ऐकवत नाही. अशा जागी काही फ्रेम खर्च करणे रास्त आहे, मात्र ते रनसोबतच्या टिपणात सांगितले पाहिजे. न सांगितलेला खर्च पुढच्या माणसाला निव्वळ चूक वाटतो, आणि तो ती सुधारून मोकळा होतो.

सर्वांत वेगवान मार्ग कधीकधी खेळच गिळून टाकतो. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये गेमच्या मेमरीत हवी ती आज्ञा घुसवून थेट श्रेयनामावलीवर उडी मारता येते, हा प्रकार जाणणारा माणूस एका मिनिटाच्या आत शेवट दाखवतो. ‘ऑकारिना ऑफ टाइम’ही याच मार्गाने चार मिनिटांच्या आत संपते. ही बुद्धीची कमाल आहे, यात शंका नाही. पण त्यात किल्ले नाहीत, कोडी नाहीत, आणि त्या गेमवर प्रेम करणाऱ्याला जे पाहायचे असते त्यातले जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणूनच कसाही करून शेवट गाठण्याच्या ‘एनी पर्सेंट’सोबत शंभर टक्के, ग्लिचविरहित (गेममधल्या चुकांचा फायदा न घेता), ‘सुपर मारिओ ६४’चा सर्व १२० तारे गोळा करण्याचा असे प्रकार टिकून आहेत. प्रकार ठरवणे म्हणजे रंजकता आधीच नियमात बांधून टाकणे. मग आत कितीही निर्दयपणे धावावे.

टासव्हिडिओजने हा वाद बरीच वर्षे वर्गवारीने हाताळला. ‘व्हॉल्ट’मध्ये कंटाळवाणा असला तरी विक्रमी रन बसे, ‘मून’साठी प्रेक्षकांची पसंती लागे, आणि निवडक फितींना ‘स्टार’ मिळे. नावे आणि नियम पुढे बदलले. काही रन तर वेगाचा दावाच सोडतात. ‘ब्रेन एज’ या गणिते सोडवण्याच्या गेमच्या टासमध्ये उत्तर म्हणून अंकांऐवजी चित्रे काढली जातात आणि गेम ती बरोबर धरतो. दुसऱ्या टोकाला ‘मेगा मॅन’ मालिकेचे ३ ते ६ हे चार भाग एकाच इनपुटवर एकाच वेळी संपवणारी सुमारे ३९ मिनिटांची फीत आहे. कोणताही एक भाग एकटा खेळला असता तर त्याला यापेक्षा कमी वेळ लागला असता, पण एका कळीवर चार पात्रे उडताना पाहणे हाच तिचा हेतू आहे.

थेट प्रक्षेपणात मोजमाप पुन्हा बदलते. २०१० पासून चाललेल्या ‘गेम्स डन क्विक’ या धर्मादाय मॅरेथॉनमध्ये खेळाडू विक्रमाच्या नादी न लागता जरा सुरक्षित मार्ग घेतात, कारण तिथे रन मध्येच सोडून पहिल्यापासून सुरू करता येत नाही. शेजारच्या सोफ्यावर बसलेले सहकारी काय चालले आहे ते समजावतात. ‘सुपर मेट्रॉइड’च्या शेवटी तीन मिनिटांत ग्रहावरून पळायचे असते, आणि वाटेत एका खोलीत वळून प्राण्यांना सोडवता येते. त्याने काही सेकंद जातात, बदल्यात शेवटच्या दृश्यात ग्रहापासून दूर जाणारा एक लहानसा ठिपका तेवढा दिसतो. विक्रमाच्या रनमध्ये हे कोणी करत नाही. मॅरेथॉनमध्ये मात्र प्राणी वाचवायचे की वेळ, यावर प्रेक्षक देणग्यांनी बोली लावतात, आणि जिंकणाऱ्या बाजूचे म्हणणे खेळाडू पाळतो.