मेंदूतली साधी गाठ, साचलेलं पाणी आणि मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज

गाठ कॅन्सरची नाही, म्हणजे मदत मिळणार नाही, असं समजून अनेक घरं अर्जच करत नाहीत. मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या आजारांच्या यादीत ‘मेंदूचे आजार’ स्वतंत्र आहेत. मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणातली, बहुतेक वेळा साधी गाठ) असो वा गाठीने वाट अडून मेंदूत साचलेलं पाणी, अर्ज करता येतो. पण मदत जास्त मिळेल या आशेने अर्जात ‘कॅन्सर’ लिहू नका. एमआरआय अहवालात एक आणि अर्जात दुसरं, की अर्ज अडकलाच. बायोप्सीचा अहवाल शस्त्रक्रियेनंतरच येतो. आधी एमआरआय किंवा सीटीचा अहवाल जोडा.

त्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजना विचारा. तिथे उपचार होत असतील तर हा निधी मिळत नाही. आणि रुग्ण गुंगीत जातोय, उलट्या थांबत नाहीत, तर शंट (साचलेलं पाणी वळवणारी नळी) बसवायला कागदांची वाट पाहू नका. या योजनेत तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेता येते.

खरी अडचण दोन कागदांची. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वार्षिक 1.60 लाखांच्या आतला आणि चालू वर्षाचा हवा. लोक काढल्या तारखेपासून वर्ष मोजतात. दाखल्यावर 31 मार्चची मुदत छापलेली असेल तर एप्रिलमध्ये तो कागद बाद. दुसरा कागद खर्चाचं अंदाजपत्रक. खासगी रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही-शिक्का लागतो आणि नातेवाइकांना हे कोणी सांगतच नाही! आधी शंट आणि मग गाठ काढणार असतील, तर डॉक्टरांकडून दोन्ही खर्च त्यातच लिहून घ्या.

बाकी आधार, रेशनकार्ड, रुग्णाचा खाटेवरचा जिओ-टॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो. तान्ह्या बाळाचं आधार नसेल तर आईचं चालतं. सगळं वाचता येईल अशा पीडीएफमध्ये द्या. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या निधीच्या कक्षात चौकशी करा, मुंबईला खेटे घालायची गरज नाही.

रुग्णालय निधीकडे नोंदलेलं आहे का, हे भरती होतानाच विचारा, कारण पैसे थेट त्याच्याच खात्यात जातात. बिल भरून घरी गेलेल्या रुग्णाला परतावा मिळत नाही. म्हणून डिस्चार्जची वाट न पाहता भरती झाल्याबरोबर अर्ज टाका.