लाकडी सांगाड्याची भिंत: भार पेलणारी आणि नुसती आडभिंत

अमेरिकेतल्या घराच्या गॅरेजमध्ये गाडीची जागा आणि सुतारकामाची जागा वेगळी करायची झाली, तर तिथे विटा लागत नाहीत. खाली एक आडवी पट्टी, वर एक आडवी पट्टी, मध्ये ठरावीक अंतरावर उभी लाकडे, म्हणजे ‘उभे’, आणि दोन्ही अंगांनी जिप्सम बोर्ड एवढ्यावर भिंत उभी राहते. मात्र घराचे छप्पर पेलणारी भिंतही याच सामानाची असते, आणि बोर्ड लागून रंग चढला की दोघींमधला फरक डोळ्यांना दिसत नाही. भार पेलणारी भिंत आडभिंत, म्हणजे जागा नुसती विभागणारी भिंत, समजून कापण्याची भीती सर्वांना असते, आणि ती रास्तच आहे. आडभिंत अशी बांधणे, की ती नकळत भार घेऊ लागेल, ही उलटी चूक मला अधिक काळजीची वाटते, कारण ती चांगले काम करण्याच्या हौसेतून होते.

भार पेलणाऱ्या भिंतीत छपराचे वजन वरच्या पट्टीतून उभ्यांत आणि उभ्यांतून पायात उतरते, म्हणून तिच्या प्रत्येक जागी त्या वजनाची सोय केलेली असते. वरची पट्टी सहसा दुहेरी असते आणि तिचे सांधे किमान २४ इंच मागे-पुढे ठेवतात. दारावर जाड तुळई टाकून तिच्या दोन्ही टोकांखाली वेगळे आखूड उभे देतात. आणि खालचे काँक्रीट तिथे पाया म्हणून मुद्दाम जाड ओतलेले असते. छताच्या कड्या, म्हणजे छत धरणारी आडवी लाकडे, भिंतीला आडव्या येऊन तिच्यावरच संपत असतील, तर ती भिंत भार घेते असेच धरून चालावे. कड्या समांतर असतील तर बहुधा घेत नाही, पण ही केवळ खूण आहे. कापण्यापूर्वी घराचा नकाशा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर या दोघांना विचारलेच पाहिजे.

आडभिंतीला फक्त स्वतःचे वजन, बोर्ड आणि फार तर चार फळ्या सांभाळायच्या असतात. तिला एकेरी वरची पट्टी पुरते, उभे २४ इंचांवर चालतात आणि दारावर पट्टी नुसती आडवी टाकली तरी भागते. बोर्डाची रुंदी ४८ इंच असल्यामुळे १६ आणि २४ ही दोन्ही अंतरे तिला जुळतात. फळ्या टांगायच्या असतील तर मी १६ इंचच घेईन. ‘टू बाय फोर’ म्हणून मिळणारे लाकूड प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच भरते, हे आखणी करतानाच लक्षात ठेवावे.

काँक्रीटवर टेकणारी खालची पट्टी दोन्ही भिंतींत औषध मुरवलेल्या लाकडाची लागते, आणि त्या औषधातले तांबे साध्या खिळ्याला गंजवते, म्हणून खिळे जाड जस्त चढवलेले घ्यावेत. गॅरेजची जमीन पाणी बाहेर जाण्यासाठी दाराकडे उतरती असते. उतार फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, असेल, तर वीस फुटांत वीस सूत, म्हणजे अडीच इंचांचा फरक पडतो. त्यामुळे सगळे उभे एका मापाने कापून चालत नाही. खालच्या पट्टीवर प्रत्येक उभ्याची खूण करून, तिथे ओळंबा धरून, एकेकाची उंची वेगळी घ्यावी लागते.

खरी परीक्षा वरच्या टोकाला असते. छपराची कैची, म्हणजे ट्रस, फक्त दोन टोकांच्या भिंतींवर टेकण्याच्या हिशेबाने बनवलेली असते. छपरावर बर्फ साचला की तिची खालची दांडी किंचित वाकते, आणि हवेतल्या ओलीनुसारही ती वर-खाली होते. तिच्याखाली आडभिंत पाचर मारून घट्ट बसवली, तर कैचीला मध्येच तिसरा टेकू मिळतो; ताण सोसण्यासाठी घातलेल्या काड्यांवर दाब येतो, आणि ज्या काँक्रीटच्या जमिनीखाली पाया नाही तिच्यावर छपराचे वजन उतरते. मजबुतीसाठी मारलेली पाचरच मग छपराला त्रास देते. म्हणून वरची पट्टी आणि कैची यांच्यात चार सूत फट सोडावी आणि दोघींना उभ्या खाचेच्या पत्र्याच्या क्लिपने जोडावे. क्लिपच्या खाचेतला खिळा पूर्ण ठोकू नये. तो एवढाच सैल हवा की भिंत बाजूला कलणार नाही, पण कैची मात्र वर-खाली सरकू शकेल.

घर आणि गॅरेज यांच्यामधली भिंत हा तिसराच विषय आहे. ती भार घेवो वा न घेवो, आग घरात शिरू नये म्हणून तिला गॅरेजच्या बाजूने किमान अर्धा इंच जाडीचा जिप्सम बोर्ड लागतो, आणि तिला हात लावण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

गॅरेजला खालून छत लावलेले असेल, तर ती चार सुतांची फट उघडी दिसते. ती झाकणारी लाकडी पट्टी छताला ठोकावी आणि भिंतीवरून मोकळी सरकू द्यावी. दोन्हीकडे खिळे मारले, तर सोडलेली फट असून नसल्यासारखी होते.