प्रथमसमागमातील वेदना

प्रौढ स्त्रीला पहिल्या योनिसमागमाच्या वेळी होणारी जळजळ, ताण किंवा दुखणे. हा अनुभव सार्वत्रिक नाही. रक्तस्रावही सर्वांना होत नाही.

वेदनेचे कारण दीर्घकाळ योनिपटल ‘फाटणे’ हेच मानले गेले. योनिद्वाराशी असलेली श्लेष्मकलेची (आतील ओलसर अस्तराची) ही घडी बहुधा मुळातच सच्छिद्र व लवचीक असते. तिच्या उत्पत्तीविषयी भ्रूणशास्त्रज्ञांत एकमत नाही. म्यूलर नलिका (भ्रूणातील ज्या नळ्यांपासून गर्भाशय बनते) व मूत्रजनन कोटर (भ्रूणातील ज्या पोकळीपासून मूत्राशय व योनिद्वाराचा भाग बनतो) यांच्या संगमावर ती दोहोंपासून बनते, असे एक मत. ती केवळ कोटराच्या ऊतींपासून बनते, असे दुसरे. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कौमार्य मात्र तिच्यावरून ओळखता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने व संयुक्त राष्ट्रांच्या अन्य संस्थांनी 2018 मध्ये अशा तपासण्या बंद करण्याचे आवाहन केले.

प्रत्यक्षात कोरडेपणा आणि स्नायूंचा ताठरपणा ही कारणे अधिक महत्त्वाची आहेत. ओलाव्याचे श्रेय पूर्वी योनिद्वाराजवळच्या बार्थोलिन ग्रंथींना दिले जाई. हा द्रव मुख्यतः योनिभित्तीतून पाझरतो, हे मास्टर्स व जॉन्सन या अमेरिकन लैंगिकता-संशोधकांच्या 1966 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. उद्दीपनामुळे रक्तपुरवठा वाढतो, योनिमार्ग लांबतो व रुंदावतो. याला वेळ लागतो. म्हणून प्रणयक्रीडेत घाई नसावी. भीतीमुळे श्रोणितलाचे (ओटीपोटाच्या तळाचे) स्नायू नकळत आवळतात. अशा आकर्षाला (स्नायूंच्या अनैच्छिक आवळण्याला) अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ मॅरियन सिम्स यांनी 1860 च्या दशकाच्या आरंभी ‘व्हजायनिस्मस’ हे नाव दिले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या वर्गीकरणात तो वेदनायुक्त समागमासह एकाच विकारात गणला आहे.

स्त्रीची मनापासून संमती आणि कोणत्याही क्षणी थांबण्याची मोकळीक या पहिल्या अटी होत. वंगणासाठी पाण्यावर आधारित जेल वापरावे. तेल व पेट्रोलियम जेली यांनी लॅटेक्सचा निरोध कमकुवत होतो. वेग व खोली स्त्रीच्या हाती राहील अशी स्थिती, सावकाश श्वसन आणि प्रवेशाआधी बोटाने हळुवार सराव यांचा उपयोग होतो. दुखल्यास थांबावे, सोसत राहिल्यास पुढच्या वेळची भीती व आवळणे वाढते. बधिर करणारी मलमे इजेची सूचनाच दडपतात, म्हणून ती टाळावीत. पहिल्या समागमातूनही गर्भधारणा होऊ शकते.

प्रवेश अशक्य असल्यास, रक्तस्राव जास्त झाल्यास वा दुखणे वारंवार होत राहिल्यास स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावे. जंतुसंसर्ग औषधाने बरा होतो, पडदायुक्त (मध्ये आडपट्टी असलेले) योनिपटल छोट्या शस्त्रक्रियेने मोकळे करता येते, तर आकर्षावर श्रोणितलाचे व्यायाम, डायलेटर (योनिमार्ग हळूहळू सैल करणाऱ्या नळ्या) व समुपदेशन यांची जोड दिली जाते.