भिरंडाचा लाल रंग आणि जांभळी चाचणी

म्हापशाच्या बाजारात आता आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, बाटलीवरही ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ असं छापलेलं दिसतं. भिरंड म्हणजे आपलं कोकम, त्याच्या कौतुकाला माझी ना नाही. पण हा शब्द छापण्याआधी प्रयोगशाळेत नेमकं काय मोजतात, ते कुणी सांगत नाही. खरी गंमत तर तिथेच आहे.

बऱ्याचदा वापरतात ती डीपीपीएच नावाच्या रसायनाची चाचणी, १९५८ साली ब्लॉइस यांनी सुचवलेली. रेणूत इलेक्ट्रॉन सहसा जोडीने असतात. डीपीपीएचमध्ये एक एकटाच उरलेला असतो, म्हणून तो ‘मुक्त मूलक’. बहुतेक मूलक क्षणभरही टिकत नाहीत. हा बाटलीत खुशाल राहतो, कारण त्याचा एकटा इलेक्ट्रॉन रेणूभर पसरलेला असतो. मेथॅनॉलमध्ये त्याचं द्रावण गर्द जांभळं दिसतं, कारण ते ५१७ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषून घेतं. त्यात सालीचा अर्क थेंब थेंब घाला: जांभळा उतरतो, पिवळा उरतो. जांभळा किती उतरला, तोच चाचणीचा आकडा.

का? सालीच्या लाल रंगद्रव्यात, म्हणजे अँथोसायनिनमध्ये, सायनिडिन असतं. त्याच्या एका कड्यावर दोन हायड्रॉक्सिल गट शेजारी शेजारी बसलेले असतात. त्यातला एक आपला हायड्रोजन डीपीपीएचला देतो आणि तिथली जोडी पुरी होते. आता सायनिडिनच मूलक झालं! पण त्याचा एकटा इलेक्ट्रॉन कड्यावर पसरतो, शेजारचा हायड्रॉक्सिल हायड्रोजन बंधाने त्याला सावरतो, आणि ते पुढच्या रेणूवर सहसा तुटून पडत नाही. शेंगदाण्याचं तेल खवट होतं ते अशाच झटापटीच्या साखळीने. ती इथे तुटते, आणि ती तोडणारा पदार्थ म्हणजेच अँटिऑक्सिडंट. सालीतलं पिवळं गार्सिनॉलही अशाच शेजारी जोडीच्या बळावर हे काम करतं, फक्त ते तेलात विरघळतं.

एक मेख आहे. भिरंडाचा लाल रंग स्वतःही ५१७च्या आसपासच प्रकाश शोषतो. नुसत्या अर्काचं शोषण वेगळं मोजून वजा केलं नाही, तर आकडा चुकतो. अहवाल वाचताना मी आधी हे शोधतो.

आता पोटाकडे. अँथोसायनिन रक्तात जेमतेम पोहोचतं, बाकीच्याची आतड्यातले जिवाणू मोडतोड करतात. तेव्हा परीक्षानळीतला आकडा शरीराला जसाच्या तसा लागू होत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशाच आकड्यांचा तक्ता २०१२ साली संकेतस्थळावरून काढून टाकला. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, तर फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. तो निष्कर्ष १९९४ सालचा. ‘सोलकढी प्या, कॅन्सर पळवा’ असे निरोप पुढे ढकलणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

सोलकढी मी पितो ती आंबट लागते म्हणून. आगळात मीठ मात्र भरपूर असतं, आणि रक्तदाबाच्या रुग्णाला अँटिऑक्सिडंटपेक्षा त्याचा हिशेब आधी लागतो.