एचपीव्ही लस: मुलीचा कागद कुठे अडतो, आधी काय करून ठेवायचं

२०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम राज्यात सुरू झाली, तेव्हा आमच्या शाळेची नोडल शिक्षिका मी होते. पहिल्याच दिवशी बरीच मुलं लस न घेता घरी गेली. लस कमी पडली नव्हती, सिस्टरही वेळेवर आल्या होत्या. पालकांसाठीची चिठ्ठी मात्र आदल्या दिवशी चार वाजता दप्तरात पडली होती. तोवर लशीची भीती घालणारा मोबाईलवरचा व्हिडिओ गावभर फिरून आला होता. सकाळी फाटकाशी उभ्या असलेल्या आयांना मी काय सांगणार?

आता मुलींच्या एचपीव्ही लशीबद्दल लोक विचारायला लागले आहेत. ही लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवते. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा आजार होतो आणि जवळपास ऐंशी हजार जणी त्यानं जातात. त्यामुळे लस घ्यावी की नाही, या वादात मी इथे शिरत नाही. ज्यांना घ्यायची आहे त्यांच्या मुली कागदापायी परत जाऊ नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

वय: लागलेलं नाही, पूर्ण झालेलं

लसीकरणाच्या राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटानं जून २०२२ मध्ये शिफारस केली ती अशी: ९ ते १४ वयाच्या मुलींना एकदा सरसकट आणि पुढे नवव्या वर्षी नेहमीच्या लसीकरणात. प्रत्यक्ष लसीकरणाच्या फेरीत यातला कुठला वयोगट घ्यायचा, ते त्या फेरीच्या परिपत्रकात असतं. ते शाळेच्या किंवा उपकेंद्राच्या फलकावर स्वतः वाचा, शेजारणीच्या सांगण्यावर जाऊ नका.

वाचताना फसगत होते ती आपल्या बोलण्यामुळे. ‘पोरीला चौदावं लागलं’ म्हणजे तिची तेरा पूर्ण झाली आहेत. परिपत्रकात ‘१४ वर्षे पूर्ण, १५ वर्षे अपूर्ण’ असं असेल, तर ती त्यात बसत नाही, पुढच्या वाढदिवसानंतर बसेल. उलट ‘पंधरावं चालू आहे, म्हणजे आता मोठी झाली’ असं समजून घरी बसवलेली मुलगी नेमकी पात्र असते. पंधरावा वाढदिवस जवळ आला असेल तर शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका, पहिल्या दोन दिवसांतच जा. आणि वय बघा, इयत्ता नको. आठवीच्या एकाच बाकावर तेरा आणि पंधरा वर्षांच्या मुली बसतात. शाळा सुटलेली मुलगीही पात्रच असते, पण तिचं नाव शाळेच्या यादीत नसतं. ते आशाताईकडे तुम्हीच नोंदवायचं.

वयाचा पुरावा

जन्मदाखला असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर तिथून खरी रडकथा सुरू होते. जन्माची नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल, तर अधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि त्या आदेशासाठी हेलपाटे. ते काम करून ठेवाच, पण लशीसाठी त्यावर अडून बसू नका. शाळेतून जन्मतारखेसह बोनाफाईड काढा. मुख्याध्यापकांना जनरल रजिस्टरातून तो द्यायला दहा मिनिटं लागतात. ‘उद्या या’ म्हणाले तर तिथेच बसून राहा.

बोनाफाईड हातात पडला की आधारवरच्या तारखेशी ताडून बघा. आपल्याकडे एके काळी गुरुजींनी निम्म्या गावाचा जन्म १ जूनला लावून दिला. ती सवय अजून पुरती गेलेली नाही. शाळेत १ जून, आधारवर १ जानेवारी आणि आईच्या आठवणीत पोळ्याचा दुसरा दिवस, असं असेल तर टेबलाशी बसलेला माणूस गोंधळतो आणि गोंधळलेला माणूस ‘नंतर या’ म्हणतो. दोन तारखांपैकी कुठली ग्राह्य धरणार, ते फेरीच्या आधीच वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून ठेवा.

आधारच नसेल तर? ‘आधार नाही, लस नाही’ असं कुणी म्हटलं, तर शांतपणे सांगा की सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात स्पष्ट म्हटलं आहे: आधार क्रमांक नाही म्हणून कुठल्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारायचा नाही, दुसऱ्या कागदावरून ओळख पटवायची. हे वाक्य टेबलापलीकडच्या माणसाला बहुधा माहीत नसतं. त्याच्यावर चिडू नका, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

यू-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर नोंद करायची असेल तर चालू असलेला मोबाईल नंबर द्या आणि तो फोन बरोबर न्या. फोन बाप घेऊन गेला वीटभट्टीवर आणि ओटीपी तिकडे वाजतोय, हे फार वेळा पाहिलं आहे.

संमतिपत्र

सगळ्यात जास्त अडतं ते इथे. फॉर्मवर आई, वडील किंवा पालक यांची सही लागते. आईची सही पूर्ण सही आहे. ‘मालक आल्यावर बघू’ म्हणून आठ दिवस घालवू नका. सही येत नसेल तर अंगठा चालतो, पण मजकूर आधी मोठ्यानं वाचून घ्यायचा, कळला नाही तर पुन्हा विचारायचा आणि मगच शाई लावायची.

एवढा आग्रह का, ते सांगते. २००९ मध्ये आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यात याच लशीचा एक प्रकल्प झाला. सात मुलींच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये तो थांबवला गेला. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. सर्पदंश, बुडणं, कीटकनाशक, मलेरिया अशी कारणं निघाली. पण कागद तपासले तेव्हा जे निघालं ते लाजिरवाणं होतं. आंध्रातल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केल्या होत्या आणि १,९४८ वर नुसते अंगठे होते. आईबापांना पत्ताच नव्हता. लस निर्दोष असूनही तिची बदनामी पुढे कित्येक वर्षं टिकली, ती या सह्यांमुळे.

म्हणून आश्रमशाळेच्या अधीक्षकांना हात जोडून सांगणं आहे: ‘मीच पालक’ म्हणून सही ठोकू नका. ती सही तुमचा एक दिवस वाचवेल आणि आख्ख्या पाड्याचा विश्वास घालवेल. फॉर्म मुलीबरोबर सुट्टीत घरी पाठवा किंवा पालकभेटीच्या दिवशी भरून घ्या.

आमच्या भागात दुसरी अडचण ऊसतोडीची. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलला परततात. मागे मुलगी आजीपाशी. आजी सही करायला घाबरते आणि तिचं काही चुकत नाही. तेव्हा गाडीत बसायच्या आधीच ग्रामसेवक, आशाताई किंवा वर्गशिक्षकांकडे विचारणा करा आणि फॉर्म आलेला असेल तर सही करूनच निघा. नसेल आला, तर एका चिठ्ठीवर आजीचं नाव, नातं आणि ‘लशीची संमती हिनं द्यावी, आमची हरकत नाही’ एवढं लिहून दोघांनी सही करून ठेवा. ती चिठ्ठी नियमात बसते की नाही यावर टेबलाशी घोळ होईल, तरी तुमचा फोन लागेपर्यंत आजीला तिचा आधार राहील.

आता फॉर्म लिहिणाऱ्यांशी दोन शब्द. ‘गर्भाशयमुख’ हा शब्द पहिल्या ओळीत छापून तुम्ही मोकळे होता. वाचणारी बाई त्यातलं ‘गर्भाशय’ एवढंच वाचते आणि पोरीला पुढे मूल होऊ नये म्हणून ही सुई आहे, असं तिच्या मनात पक्कं होतं. बीडकडच्या बायकांचं तर वेगळंच दुखणं आहे. कॅन्सर होईल अशी भीती घालून ऊसतोडणी करणाऱ्या कितीतरी जणींच्या पिशव्या काढल्या गेल्या, २०१९ मध्ये त्यावर राज्यभर गदारोळ झाला. त्या बाईला तुम्ही पुन्हा ‘पिशवी’ आणि ‘कॅन्सर’ हे दोन शब्द एका दमात ऐकवता आणि वर म्हणता, गाव सहकार्य करत नाही! तिच्याजवळ आधी बसायला हवं. ही सुई दंडात देतात, पिशवीला हात लावत नाहीत, पुढे मूल होण्याशी तिचा काही संबंध नाही, हे आशाताईनं ओट्यावर बसून सांगितलं की पुढचं सोपं होतं. निदान आठवडाभर आधी. माईकवरून नाही.

जबरदस्ती तर मुळीच नको. गोवर-रुबेलाच्या वेळी पालकांना न विचारता शाळेत लस देण्याचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता आणि जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयानं माहिती देऊन संमती घेण्याची बाजू धरली. ‘नाही’ म्हणणाऱ्या आईचा फॉर्म तसाच, ‘नाही’ लिहून, परत घ्या. मुलीला वर्गात उभं करून कारण विचारू नका.

त्या दिवशी

मुलीला पोटभर जेवून पाठवा. या वयात सुई बघूनच चक्कर येते आणि एक पडली की रांगेतल्या चार पडतात. पाळी चालू असेल तर अडचण नाही. अंगात चांगलाच ताप असेल तर थांबा. आधीच्या लशीची किंवा यीस्टची मोठी ॲलर्जी असेल, मुलगी गरोदर असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार वा औषध असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. अशा आजारात एका डोसवर भागत नाही. खासगीत आधी गार्डासिल किंवा सर्व्हाव्हॅक (या एचपीव्हीच्याच लशी) घेतली असेल तर ते कार्ड बरोबर न्या. लस झाल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं, घाईची एसटी असली तरी.

परत पाठवलंच तर कारण फॉर्मवर लिहून मागा. ‘वय बसत नाही’ की ‘कागद नाही’, एवढे दोन शब्द पुरेत. तोंडी नकार घेऊन घरी आलेली आई पुन्हा जात नाही, हे मी २०१८ मध्ये पाहिलं आहे. लिहून मिळालेला नकार घेऊन आलेल्या आईला कुठला कागद आणायचा ते कळतं आणि ती चार दिवसांत परत येते.