कांद्याचं बिल कुणाच्या नावावर?

८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा नाशिक जिल्ह्यात खरिपाचा लाल कांदा बाजार समित्यांमध्ये यायला लागला होता. या कांद्यात पाणी जास्त, त्यामुळे तो कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, टिकत नाही. काढला की दोन-चार आठवड्यांत मिळेल त्या भावाला विकायचा. ‘थांबू जरा’ म्हणायची सोय फक्त उन्हाळ्यात निघणाऱ्या उन्हाळ कांद्याला, आणि तिथंही चार-पाच महिन्यांत सड आणि घट मिळून पाव हिस्सा सहज जातो.

देशात कांद्याचा भाव आवाक्यात ठेवायच्या सरकारच्या हेतूला मी नावं ठेवणार नाही. कांद्याची मागणी भलती हट्टी. महागला म्हणून फोडणीतून तो पूर्ण जात नाही, आणि स्वस्त झाला म्हणून कुणी दुप्पट खात नाही. त्यामुळे पीक थोडं घटलं की भाव भडकतो, थोडं वाढलं की मातीमोल होतो. त्यात लागवड ठरते मागच्या हंगामाच्या भावावर; सगळेच लावतात आणि सगळ्यांचाच पडतो. या चक्राचा आलेख काढला तर कोळ्याचं जाळं दिसतं, म्हणून निकोलस काल्डोर यांनी १९३४ मध्ये त्याला तेच नाव दिलं.

मग गरिबाच्या ताटातला कांदा परवडणारा ठेवायचा कसा? इथं यान टिनबर्गेन आठवतात. मूळचे भौतिकशास्त्राचे, पुढं १९६९ मध्ये अर्थशास्त्राच्या पहिल्या नोबेलचे एक मानकरी. त्यांचा नियम साधा आहे: जितकी उद्दिष्टं, निदान तितकी स्वतंत्र साधनं हवीत. आपण मात्र एकट्या भावाला दोन कामं सांगतो. शेतकऱ्याला किती लावायचं ते त्यानंच कळवायचं, आणि गरिबाला आधारही त्यानंच द्यायचा.

रेशनच्या गव्हाचं तसं नाही. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा योजनेतलं धान्य फुकट मिळतं आणि त्याचा खर्च अर्थसंकल्पात अनुदान म्हणून छापून येतो. त्यावर वाद घालता येतो. निर्यातबंदीचा खर्च कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, कारण तो शेतकऱ्याच्या काटापट्टीतून, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या वजन-विक्रीच्या पावतीतून, परस्पर वळता होतो. शिवाय त्या स्वस्ताईचा लाभ बंगलेवाल्यालाही तेवढाच!

२०२० चा गोंधळ तर मासलेवाईक. जूनच्या अध्यादेशानं कांद्याच्या साठ्यावरचे निर्बंध बरेच सैल केले, म्हणजे बाजार मोकळा. १४ सप्टेंबरला निर्यातबंदी आली आणि त्याच महिन्यात संसदेनं तो मोकळेपणाचा कायदा मंजूर केला. २०२१ च्या अखेरीस कायदाही मागं घेतला गेला.

ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावताना सरकारनं राखीव साठ्यासाठी २,४१० रुपये क्विंटलनं जादा २ लाख टन कांदा घ्यायचं ठरवलं. हा राखीव साठा मला निर्यातबंदीपेक्षा बरा वाटतो. तो ऐन आवकेत बाजारात ओतला तर भाव पडतोच, पण निदान खरेदीची पावती सरकारच्या नावावर फाटते.